अध्यक्ष बदलून काय होणार?

प्रदेशाध्यक्ष बदलल्याने काँग्रेस सावरेल, हे एका पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही. नाना पटोले अध्यक्ष असतानाच २०२४ च्या लोकसभेत पक्षाने राज्यात १३ जागा जिंकल्या, त्यात आमची भंडारा-गोंदियाही होती. त्याच वर्षी विधानसभेत २८८ पैकी अवघ्या १६! खुद्द साकोलीत नाना २०८ मतांनी तरले. अध्यक्ष तोच, निकाल दोन. मग दोष एका माणसाचा कसा? फेब्रुवारी २०२५ मध्ये हर्षवर्धन सपकाळ अध्यक्षपदी आले. माणूस साधा आहे, मान्य. पण इकडे धानाचे चुकारे रखडले की शेतकरी पक्षाच्या टिळक भवन या प्रदेश कार्यालयात जात नाही, गावातला कार्यकर्ता शोधतो. सपकाळांनी आधी बूथवरची माणसे उभी करावीत.

– एक वाचक, एकोडी (ता. साकोली, जि. भंडारा)