याचं वायसर नाही भेटत

फवारणीचा पंप गळतो, ही आपल्याकडे बातमी नाही. छप्पर गळतं, नळ गळतो, तसा पंपही गळतो. लोक अगदी सहज सांगतात, आणि माझं भांडण या सहजपणाशीच आहे. नळातून पाणी गळतं. यवतमाळ जिल्ह्यात ऑगस्ट ते ऑक्टोबर या दिवसांत पंपातून जे गळतं ते कीटकनाशक असतं, आणि ते फवारणाऱ्याच्या पाठीवर गळतं. त्याला आपण ‘औषध’ म्हणतो ही आणखी एक गंमत. औषध मारायला गेला, औषध अंगावर सांडलं. भाषेनेच अर्धी भीती घालवून टाकली.

ज्यांनी पंप पाठीवर घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडं यंत्राबद्दल. 16 लिटरची प्लास्टिकची टाकी, वर रुंद तोंडाचं झाकण, आत गाळणी, खाली पंप. जुन्या प्रकारात डाव्या हाताने दांडा हलवत राहायचं, नव्यात 12 व्होल्टची बॅटरी आणि एक छोटी मोटर. तिथून रबरी नळी, मग हातातला खटका, पुढे लांब नळी आणि टोकाला नोझल. भरला की 16 किलोंच्या वर वजन, ते दोन पट्ट्यांवर. गळायच्या जागा ठरलेल्या आहेत. झाकणाचं वायसर कडक झालं की माणूस वाकला रे वाकला, टाकीतलं द्रावण मानेवरून थेट पाठीवर. खटक्याचं वायसर गेलं की मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ. नळीचा जोड ढिला झाला की मांडी ओली. आणि नोझलचं भोक झिजलं की गळती दिसतच नाही, फक्त फवारा जाड होतो आणि द्रावण जास्त जातं. नव्या नोझलपेक्षा दहा टक्के जास्त सोडायला लागलं की ते बदलावं, असा साधा नियम आहे. आमच्याकडे नोझल बदलतात ते हरवल्यावर. तुंबलं तर तोंडाने फुंकतात. होय, तोंडाने.

यातली प्रत्येक गोष्ट दुरुस्त होते. पाना, पक्कड आणि चहा-पोह्याच्या पैशात येणारं वायसर, एवढंच लागतं. पण दुकानात गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं, “भाऊ, याचं वायसर नाही भेटत आता. नवाच घेऊन टाका ना.”

2017 साली याच जिल्ह्यात काय झालं ते तुमच्यापैकी बरेच जण विसरले असतील, किंवा तेव्हा शाळेत असतील. जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण रुग्णालयात गेले, यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले वॉर्ड भरले. काहींच्या डोळ्यांवर परिणाम झाला. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला गेली होती, बोंडअळी बीटीला जुमानत नव्हती, दोन-तीन रसायनं एकत्र करून मारली जात होती. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही नावं तेव्हा पेपरात रोज दिसायची. दोन्ही ऑर्गनोफॉस्फेट, म्हणजे कातडीतून आणि श्वासातून शरीरात जाऊन नसांचं काम बिघडवणारी. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, मृतांच्या कुटुंबांना 2 लाखांची मदत जाहीर केली. बोलण्यात चिनी बनावटीचे पंपही आले, त्यांच्यातून फार बारीक तुषार उडतात म्हणून. आणि या सगळ्यावर एक शब्द ठेवला गेला, निष्काळजीपणा. मजुराने हातमोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारलं.

मला हा शब्द मान्य नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात, गळ्यापर्यंत आलेल्या ओल्या कपाशीत, प्लास्टिकचा कोट घालून 16 किलो वाहणं काय असतं ते एकदा करून पाहावं. पण वादापुरतं धरू की कोट घातला. कोट हा शेवटचा बचाव आहे, आणि त्याच्या आधीचा बचाव म्हणजे न गळणारा पंप. कीटकनाशक कायदा 1968 चा, नियम 1971 चे, त्यात संरक्षक कपड्यांची तरतूद आहे. हाताच्या पंपासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस 3906 हे मानकही आहे. मानक कारखान्यातून निघताना पाहतं. तीन हंगाम वापरलेल्या, उन्हात ठेवलेल्या, पट्ट्याच्या जागी नायलॉनची दोरी बांधलेल्या पंपाकडे कोण पाहतं? ट्रकला ठरावीक काळाने पासिंग लागतं. विष भरून माणसाच्या पाठीवर बांधायच्या यंत्राला काहीच लागत नाही.

इथे पैशाचा हिशेब नीट पाहायला हवा, कारण गोम तिथे आहे. फवारणीची मजुरी पुष्कळ ठिकाणी पंपावर ठरते. इतके पंप मारले, इतके रुपये. उंच कपाशीला एकरी दहा पंप धरले तरी दिवसभरात माणूस किती वेळा टाकी भरतो ते मोजा. खटका गळायला लागला म्हणून तो अर्धा तास थांबला तर अर्ध्या तासाचे पंप गेले. पंप मालकाचा, पाठ मजुराची. वायसर आणायला तालुक्याला जाण्याचा खर्च मालकाने करायचा आणि त्याचा फायदा मजुराच्या कातडीला. मालकही बहुतेक वेळा दोन-चार एकरवालाच असतो, त्याला खलनायक करण्यात मला रस नाही. कित्येकदा फवारणाराही तोच असतो. पण ज्याचं अंग ओलं होतं त्याच्या हातात दुरुस्तीचा निर्णय नसतो, ही वस्तुस्थिती निष्काळजीपणा या एका शब्दाखाली झाकली जाते.

आता सरकारकडे बघू. 2024 मध्ये कापूस-सोयाबीनच्या विशेष कृती योजनेत बॅटरीवर चालणारे फवारणी पंप 100 टक्के अनुदानावर द्यायचं ठरलं, महाडीबीटीवर अर्ज मागवले गेले. पुढे त्या खरेदीच्या दरावरून मोठा वाद झाला, आरोप-प्रत्यारोप झाले. होऊ देत, व्हायलाच हवेत. पण त्या सगळ्या गदारोळात पंप केवढ्याला घेतला हाच प्रश्न होता. त्याचे सुटे भाग कुठे मिळणार, बॅटरी दोन-तीन हंगामांत बसली की काय करायचं, मोटर गेली तर दारव्ह्यात किंवा झरी जामणीत कोण उघडणार, हे ना देणाऱ्याला विचारलं गेलं ना आरोप करणाऱ्याने विचारलं. नव्या वस्तूचा फोटो निघतो, पावती निघते, आकडा निघतो. बदललेल्या वायसरचा फोटो कोण काढणार?

जुन्या गावात देखभालीची सोय होती. बलुतं म्हणजे काय, तर सुताराने-लोहाराने वर्षभर नांगर-वखर दुरुस्त करायचे आणि सुगीला धान्य घ्यायचं. आजच्या भाषेत वार्षिक देखभाल करार. त्यात जात होती, सक्ती होती, अपमान होता, तो परत आणा असं कोणी म्हणत असेल तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. पण ती व्यवस्था गेली तेव्हा तिच्यातलं दुरुस्तीचं कामही गेलं, आणि त्या जागी आलं फक्त विक्रीचं दुकान. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलाचे खांदे शेकतो. वर्षभर जू वाहिलं म्हणून लोणी-हळद लावतो. पोळा येतो नेमका फवारणीच्या भरात. त्याच आठवड्यात पंपाच्या पट्ट्याने सोललेल्या माणसाच्या खांद्याकडे कोणाचं लक्ष असतं?

तुम्ही मोबाईलवर ते व्हिडिओ पाहत असालच. कुठल्या तरी अमेरिकन गॅरेजमध्ये एक जण वीस वर्षं जुनं, वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र पूर्ण खोलतो, पट्टा बदलतो, पाती घासतो, आणि ते पुन्हा सुरू होतं. बघायला झकास वाटतं. तिकडचे शेतकरी दुरुस्तीच्या हक्कासाठी कंपन्यांशी भांडले. कोलोरॅडो राज्याने 2023 मध्ये शेतीयंत्रांसाठी तसा कायदा केला, तो 2024 च्या 1 जानेवारीला लागू झाला. 2025 मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने जॉन डिअरवर खटला भरला. त्यांचा प्रश्न ट्रॅक्टरला लावलेल्या सॉफ्टवेअरच्या कुलपाचा आहे. आपल्या पंपाला कुलूप नाही, चार स्क्रू काढले की उघडतो. पण उघडून करणार काय? प्रत्येक ब्रँडचं झाकण वेगळ्या मापाचं, खटक्याचे आटे वेगळे. ब्रँड दोन हंगामांत गायब, तीच टाकी नव्या स्टिकरने परत. कुलूप न लावताही दुरुस्ती बंद करता येते.

आपल्याकडेही कागदावर गोष्ट आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. तिच्या चार क्षेत्रांत शेतीची उपकरणं होती. डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू झालं. पुढे दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकाचं काम निघालं तेव्हा चर्चा मोबाईल आणि घरगुती उपकरणांचीच राहिली. मोबाईल दुरुस्त व्हावा, माझाही व्हावा. पण त्याची स्क्रीन फुटली म्हणून कोणी अतिदक्षता विभागात जात नाही.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो. पंप काही लाखाची वस्तू नाही, जुनाट पंपाला चिकटून राहण्यापेक्षा नवा घेतलेला सुरक्षित नाही का? काही वेळा आहे. टाकीला तडा गेला असेल तर एम-सील लावू नका, पट्टे अडकवायची जागा तुटली असेल तर तार बांधू नका. असा पंप भोकं पाडून मोडीत काढा, नाहीतर तो कुणा गरिबाच्या घरी पाणी साठवायला जाईल. पण झाकणाच्या रबरासाठी अख्खा पंप बदला म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, नवा घेईपर्यंतचे आठ दिवस फवारणी थांबणार आहे का? अळी थांबत नाही. ते आठ दिवस जुनाच पंप पाठीवर असतो.

मागणी फार मोठी नाही. ज्या पंपाला सरकारी पैसा लागतो त्याच्याबरोबर वायसरचा संच आणि दोन नोझल द्या, आणि पाच वर्षं सुटे भाग तालुक्यात मिळतील अशी अट निविदेत घाला. झाकण, खटका, नोझल यांची मापं एक करा. गॅस सिलिंडरच्या रेग्युलेटरला जमतं ते इथेही जमेल. मृगाच्या आधी कृषी विज्ञान केंद्र आणि आयटीआयच्या पोरांना घेऊन गावोगाव पंप तपासणीचा दिवस ठेवा. कीटकनाशक विकणाऱ्या दुकानात वायसर ठेवणं सक्तीचं करा. विष ठेवायला जागा आहे, रबराच्या चकतीला नाही?

ते होईपर्यंत, घरात पंप असेल तर या हंगामाच्या पहिल्या फवारणीआधी त्यात नुसतं पाणी भरा. सुती दुपट्टा चौपदरी करून पाठीवर घ्या, वरून पंप चढवा, दोनदा वाका, दहा मिनिटं खटका दाबून चाला. दुपट्टा कुठे ओला झाला ते बघा आणि तो भाग दुकानात घेऊन जा. ‘भेटत नाही’ म्हणाले तर ब्रँडचं नाव आणि तारीख लिहून घ्या, पंपाच्या बिलाचा फोटो काढा, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन लावून तक्रार नोंदवा. मजूर लावत असाल तर ही चाचणी त्याच्यासमोर करा, दुपट्टा मात्र तुमच्या पाठीवर.