जालन्याच्या चुलीवर सिनिगांग

मराठवाड्यातली कितीतरी मुलं डॉक्टर व्हायला फिलिपिन्सला जातात. दवाओसारख्या शहरात भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने राहतात. निघताना आई चटणी-मसाला बांधून देतेच. पण पोरगं सुट्टीत घरी आलं की तिकडचा एखादा पदार्थ आपण त्याला रांधून वाढावा, असं फार थोड्या घरांत होतं. ते व्हावं असं मला मनापासून वाटतं, कारण लागणारं बहुतेक सामान आपल्या मोंढ्यात आणि परसातच आहे.

सुरुवात मुगाने करावी. स्पेनच्या तीनशेहून अधिक वर्षांच्या राजवटीत तिथे कॅथलिक धर्म रुजला, उपवासाच्या शुक्रवारी मांस वर्ज्य झालं आणि मुगाला मान आला. आजही शुक्रवार म्हणजे तिकडे मुगाचा वार. अख्खे हिरवे मूग मऊ शिजवायचे. तेलात आधी ठेचलेला लसूण, मग कांदा, मग टोमॅटो परतायचा, त्यात मूग ओतून उकळी आणायची आणि शेवटी मूठभर शेवग्याचा पाला टाकायचा. हळद, जिरं, तिखट काहीच नाही. हात सवयीने मसाल्याच्या डब्याकडे जाईल, तो आवरावा. मुगाची मूळची गोडी अशीच जिभेला कळते. आपण बहुतेकदा शेवग्याच्या शेंगाच खातो, पाला पुष्कळदा झाडावरच वाळतो. तिकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून आलं घातलेलं कोंबडीचं सूप देतात, त्यातही हाच पाला असतो.

सिनिगांग म्हणजे चिंचेचं आंबट, पातळ कालवण. कच्च्या चिंचा उकडून, कुस्करून कोळ गाळून घ्यायचा. त्या नसल्या तर आपली घरची चिंच चालते, मात्र गूळ घालू नये. मुळा, भेंडी, वांगं, चवळीच्या शेंगा, टोमॅटो आणि गोदाकाठचा रोहू एवढ्यात ते होतं. खारटपणासाठी तिकडे फिश सॉस घालतात, तो मिळाला नाही तर मीठ पुरे. सोबत भातच हवा, भाकरीबरोबर ते जमत नाही.

वांग्याची गोष्ट तर जालन्याला फारच जवळची. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको कंपनी सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. याच कंपनीचं बीटी, म्हणजे जनुकबदल केलेल्या, वांग्याचं तंत्र लॉस बान्योसच्या फिलिपिन्स विद्यापीठापर्यंत पोहोचलं. भारतात २०१० मध्ये त्या वांग्याला स्थगिती मिळाली. फिलिपिन्सने २०२२ मध्ये व्यापारी लागवडीला परवानगी दिली आणि २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती रोखली. वाद दोन्ही देशांत पेटला, कारण वांगं दोन्हीकडच्या रोजच्या ताटात आहे. तिकडे ते आपल्या भरितासारखंच आचेवर भाजतात. साल काढतात, देठ मात्र ठेवतात. मग काट्याने चपटं करून मीठ-मिरपूड घातलेल्या फेटलेल्या अंड्यात बुडवतात आणि तव्यावर तळतात. त्याचं नाव तोर्तांग तालोंग. यासाठी लांब, बारीक वांगं घ्यावं. भरिताचं मोठं वांगं तव्यावर पसरतं.

प्रसिद्ध आहे तो अदोबो. व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, मिरी आणि तमालपत्रात मंद आचेवर शिजवलेली कोंबडी. व्हिनेगर घातल्यावर उकळी येईपर्यंत ढवळायचं नाही, हा तिकडच्या बायकांचा नियम. आंबटामुळे तो उष्ण हवेतही टिकतो, म्हणून जालन्याच्या उन्हाळ्याला सोयीचा. तरी पहिला पदार्थ म्हणून मी अदोबो सुचवणार नाही. त्याची चव बाटल्यांतून येते. मूग आणि चिंच आपल्या मातीतले आहेत.

तुमच्या घरचं कुणी तिकडे शिकत असेल, तर पुढच्या सुट्टीत त्यालाच चिंच कुस्करायला बसवा आणि पहिलं सिनिगांग त्याच्याच हातचं खा.