मामांची होडी

संतांच्या भवसागरातली नौका मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. तिचा नावाडी कोण, पैलतीर कोणता, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. परंतु ती नौका रुंद किती होती, हे कुणा विद्यार्थ्याने विचारले नाही आणि मलाही कधी सुचले नाही. ते सुचवले आमच्या मामांनी.

मामांचे घर मालवण तालुक्यात, कर्ली नदीच्या खाडीकाठी. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षे झाली. गेल्या माघात त्यांचा फोन आला. "अरे, एक लहानशी होडी घेवची म्हणतंय. सकाळचो खाडीत गरी टाकून बसान. माझ्याकडे पन्नास हजार आसत. वीस तू घाल."

वीस हजारांची रक्कम आमच्याकडे होती. पण ती नव्या फ्रिजसाठी होती. मी सौभाग्यवतींकडे पाहिले. त्यांनी स्वयंपाकघरातल्या, मोटारीसारखी घरघर करणाऱ्या जुन्या फ्रिजकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आणखी एक वर्ष ओरडेल. द्या."

प्रश्न मिटला असे वाटत होते. तोच तासाभराने मामींचा फोन आला. मामी कधी स्वतःहून फोन करीत नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तू येऊन बघ. कलांडणारी होडी माका घरात नको."

वाचकहो, या वाक्यामागची हकीकत सांगायला हवी. मी तिसरीत असताना आमचे धाकटे मामा खाडीच्या तोंडाशी बुडाले. होडी अरुंद होती. ओहोटीचे पाणी बाहेर धावत होते, समोरून वारा होता. अशा वेळी तिथे लाटा आखूड आणि उभ्या येतात. जाळे जड लागले म्हणून दोघे भाऊ एकाच अंगाला उभे राहिले. मोठे मामा पोहत काठाला आले. त्या दिवसापासून त्या घरात होडी आली नव्हती.

कॉलेजात आमच्या शेजारच्या टेबलावर पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक बसतात. त्यांना विचारले, "होडी कलंडू नये म्हणून काय पाहायचे?" त्यांनी उत्तरपत्रिकेच्या पाठीवर आकृती काढली. होडी एका अंगाला झुकली की त्या अंगाचे पाणी तिला वर ढकलते. हा आधार लांबीच्या प्रमाणात वाढतो. परंतु रुंदीच्या मात्र घनाच्या प्रमाणात. १८ फूट लांब आणि ३ फूट रुंद होडीपेक्षा १६ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद होडीला, घडण सारखीच असेल तर, हा आधार जवळजवळ तिप्पट! "आणि वजन तळाशी ठेवा," ते म्हणाले. "माणूस उभा राहिला की सगळे गणित फिरते." मी गप्प झालो. मला ते दोघे भाऊ दिसले.

कुडाळला गाडीतून उतरलो तेव्हा मामा आनंदात होते. त्यांनी होडी पसंत करून ठेवली होती. लाकडाची, निमुळती, नाळेवर डोळे रंगवलेली. पाण्यावर अशी उभी की जणू आत्ताच निघेल. मालक पासष्ट हजार मागत होता. मलाही ती फार आवडली. सुंदर वस्तू पाहिली की आम्हा भाषेच्या माणसांचे भान सुटते.

शेजारचे वृद्ध तांडेल बरोबर आले होते. पन्नास वर्षे समुद्रात काढलेला तो माणूस, होडीच्या रंगाकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. ती काठावर ओढायला लावली, पालथी केली आणि खिशातून चाकू काढून तळाच्या कण्याशी, फळ्यांच्या जोडांत टोचू लागला. एके ठिकाणी पाते लोण्यात शिरावे तसे आत गेले. खाऱ्या पाण्यातला किडा लहान असताना लाकडात शिरतो, म्हणून बाहेरचे भोक टाचणीच्या डोक्याएवढे. पुढे तो आतच वाढतो आणि आतच बोगदे खणतो. वरून रंग मारला की काहीच दिसत नाही. आम्ही मुकाट्याने निघालो. मामांचा चेहरा उतरला होता.

दुसरी होडी फायबरची, वापरलेली; १६ फूट लांब, साडेचार फूट रुंद, तळ बराचसा सपाट. रूप म्हणाल तर परातीचे. मामा म्हणाले, "ही काय होडी? ही काथवट!"

तांडेलांनी नाणे काढले आणि सगळ्या अंगावर ठोकीत गेले. चांगल्या जागी आवाज टणक येतो. आतले थर सुटले असतील तिथे बद्द. मागच्या फळीवर, जिथे इंजिन बसते, त्यांनी आपला सगळा भार टाकून पाहिले. बाकांखालचे हवाबंद कप्पे तपासले. कारण होडीत पाणी भरले तरी ती या कप्प्यांवर तरंगली पाहिजे. नोंदणीचे कागद मागून त्यावरचा क्रमांक होडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. मग होडी पाण्यात लोटून आत चार बादल्या पाणी ओतले आणि ती किंचित हलवली. पाणी खालच्या अंगाला धावते आणि झुकलेल्या होडीला आणखी झुकवते, हे मी तेव्हा प्रथम पाहिले. "आत पाणी साचूक देव नको," तांडेल म्हणाले. "भायल्या पाण्यापेक्षा आतला पाणी वायट."

पाणी उपसून झाल्यावर त्यांनी मामांना आणि मला एकाच कडेला बसवले. होडी झुकली आणि थांबली. कड पाण्यापासून वीतभर वर राहिली.

इतका वेळ मामी माडाखाली उभ्या होत्या. त्यांनी लुगड्याचा काष्टा खोचला, गुडघाभर पाण्यात आल्या आणि कुणाचा हात न धरता होडीत चढल्या. आम्हाला उतरायला सांगितले. मग एका कडेशी जाऊन त्या ताठ उभ्या राहिल्या. होडी कलली, थांबली. त्या दुसऱ्या कडेशी गेल्या. होडी पुन्हा कलली, पुन्हा थांबली. मामा पाण्यात उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात नकळत होडीच्या कडेवर गेले होते.

"ही चलात," मामी म्हणाल्या.

सौदा बेचाळीस हजारांत झाला. उरलेल्या अठ्ठावीस हजारांत मामांना तत्काळ इंजिन घ्यायचे होते. तांडेलांनी हिशेब मांडला: आधी पोहण्याची दोन जाकिटे, मग दोन वल्ही, नांगर आणि लांब दोर, पाणी उपसायचे भांडे, राहील ते डागडुजीला. पैसे हातात असतात तेवढ्याची होडी घेणारा माणूस जाकिटाविना पाण्यात जातो, असे त्यांचे म्हणणे. इंजिनाला पुढच्या वर्षीही दुकान उघडे असते. खाडीतल्या खाडीत वल्ह्यांवर काम भागते, आणि भरतीच्या पाण्याबरोबर वर जाऊन ओहोटीबरोबर परतले तर वल्हीही फारशी मारावी लागत नाहीत.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आम्हा मध्यमवर्गीयांचे ब्रीद. मी मात्र त्या दिवशी असे शिकलो की पैसे थोडे असतील तर अंथरुणाची लांबी कमी करावी. रुंदी कमी करू नये. आणि चार पैसे उशाखाली ठेवावेत.

१ जून ते ३१ जुलै ही इंजिनाच्या होड्यांना मासेमारीबंदी. बिनइंजिनाच्या पारंपरिक होडीला तिच्यातून सूट असते. तरीही मामांनी जूनमध्ये होडी ओढून माडाखाली पालथी घातली आणि नारळी पौर्णिमेला नारळ देऊन पुन्हा पाण्यात लोटली. आता रोज सकाळी ते जातात. खाडीच्या तोंडाशी जायचे नाही आणि गरीला मासा लागला तरी उठायचे नाही, या मामींच्या दोन अटी.

परवा त्यांनी मोबाइलवर छायाचित्र पाठवले. "तांबोशी बघ," असे खाली लिहिले होते. मासा मोठा होता खरा. पण मी पाहिले ते दुसरेच. पुढच्या बाकावर, लुगड्यावर नारिंगी जाकीट घालून, मामी बसल्या होत्या.