द्रष्टा नेमला, पण ऐकणार कोण?

मोठ्या उद्योगसमूहांत अलीकडे उदयोन्मुख तंत्रज्ञानाचे धोरण ठरविणाऱ्या अधिकाऱ्याची नेमणूक होऊ लागली आहे. कोणते तंत्रज्ञान आपला व्यवसाय वाढवील आणि कोणते तो मुळासकट उखडून टाकील, याचा अदमास घेऊन कंपनीला वेळीच सिद्ध करणे, हे त्याचे कार्य. आपल्या घराघरांतील अभियंत्यांनाही या पदाचे आकर्षण वाटते. ते स्वाभाविकच आहे. परंतु पद निर्माण केले की दूरदृष्टी आपोआप येते, हा मात्र भ्रम आहे.

अमेरिकेतील कोडॅक कंपनीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९७५ मध्ये स्टीव्ह सॅसन या तरुण अभियंत्याने डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना याच कंपनीत तयार केला. १९८१ मध्ये सोनीने फिल्मविरहित कॅमेऱ्याचे प्रात्यक्षिक दाखविताच कोडॅकच्या बाजार-अभ्यास विभागाचे प्रमुख व्हिन्स बाराबा यांनी सखोल पाहणी केली. निष्कर्ष स्पष्ट होता : नवे तंत्र फिल्मची जागा घेईल, मात्र सिद्धतेसाठी सुमारे दहा वर्षे हाती आहेत. अंदाज अचूक होता. पण फिल्मच्या विक्रीतून मिळणारा भरघोस नफा सोडण्यास कोण तयार होणार? १९९६ मध्येही कंपनीने ‘अ‍ॅडव्हान्टिक्स’ ही फिल्मवरच आधारलेली नवी प्रणाली बाजारात आणली. पुढे तिने डिजिटल कॅमेरेही विकले. पण फिल्मचा नफा त्यातून भरून निघाला नाही. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

जपानच्या फुजीफिल्मवरही तेच संकट कोसळले होते. मात्र तेथे परिवर्तनाचे नेतृत्व स्वतः प्रमुख शिगेताका कोमोरी यांनी केले. आपल्याजवळ कोणते रासायनिक ज्ञान आहे, याची मोजदाद झाली. त्यातून एलसीडी पडद्यांसाठी लागणाऱ्या पातळ फिल्म आणि कोलॅजेनच्या अभ्यासावर आधारित सौंदर्यप्रसाधने, असे नवे व्यवसाय उभे राहिले. दोन्ही कंपन्यांना वादळ दिसले होते. फरक पडला तो निर्णयशक्तीचा.

आपल्याकडे दृष्टी नव्हती असे नाही. फकीरचंद कोहली यांच्या कार्यकाळात टीसीएसने १९८१ मध्ये पुण्यात संशोधन केंद्र स्थापन केले, तेव्हा भारतातील सॉफ्टवेअर उद्योग बाल्यावस्थेत होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी अवतरल्यानंतर आता त्याच उद्योगाची कसोटी लागली आहे. मनुष्यतासांचा हिशेब करून मिळकत कमावणाऱ्या कंपन्यांना, तेच काम यंत्र अल्पावधीत करील, हे सांगणारा अधिकारी प्रिय कसा वाटेल? आणि त्याचे ऐकले गेले नाही, तर त्याची किंमत पुण्या-मुंबईतील सहस्रावधी मध्यमवर्गीय कुटुंबांनाच मोजावी लागेल.

म्हणूनच या अधिकाऱ्याला थेट सर्वोच्च व्यवस्थापनाशी बोलण्याचा अधिकार हवा, तिमाही नफ्याच्या दडपणापासून मुक्त असा निधी हवा आणि त्याच्या प्रत्येक अहवालावर ठरावीक मुदतीत लेखी निर्णय देण्याचे बंधन संचालकांवर हवे. हे पद स्वीकारणाऱ्या तरुणांनीही अप्रिय सत्य निर्भीडपणे मांडण्याचे धैर्य बाळगले पाहिजे. तसे न झाल्यास हे पद केवळ शोभेचेच ठरेल.