जागलीची बॅटरी कशी घ्यावी?



सिहोरा भागात धान लोंबीवर आले की रानडुकरांसाठी जागल आली. उन्हाळी धानाला विजेच्या वेळेप्रमाणे रात्रीचे पाणी आले. अशा वेळी खिशातली बॅटरी ही चैन नव्हे. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही.

दुकानात झोत किती लांब जातो ते दाखवतात. आपल्याला धुऱ्यावर पायापुढची दहा पावले स्वच्छ दिसायला हवीत. त्याला पसरट उजेड आणि १०० ते २०० ल्युमेन पुरेत.

चार्जिंगची घेत असाल तर छापील आकड्याला भुलू नका. १८६५० आकाराचा चांगला सेल साधारण ३,५०० एमएएचपर्यंतच असतो. त्यावर ९,९०० लिहिले असेल तर ते खोटे समजावे. बांधीत चिखल-पाणी असते, म्हणून आयपीएक्स ४ ही खूण पाहा. ती शिंतोडे सोसते. आयपीएक्स ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास पडली तरी टिकते.

मागे एकदा भर धुऱ्यावर माझीच बॅटरी विझली. उघडली तर मागल्या हंगामातले सेल पाझरून आतली पत्री गंजलेली! तेव्हा हंगाम संपताच सेल काढून ठेवावेत. नवे-जुने सेल एकत्र घालू नयेत.

बॅटरीसोबत पायात बूट आणि हातात काठी असावी. तरीही दंश झालाच, तर मांत्रिकाकडे वेळ न दवडता थेट सरकारी दवाखाना गाठावा.