येवल्याच्या मागाला रविवार केव्हा?

मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉटेलांत रविवारी सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी तीन-साडेतीनपर्यंत रेंगाळणाऱ्या भोजनास ‘ब्रंच’ म्हणतात. न्याहारी म्हणावी तर उशिराची, जेवण म्हणावे तर लवकरचे, आणि उठण्याची घाई कोणासच नाही. माणशी काही हजार रुपये मोजले की मंद संगीत, फुलांनी सजलेले टेबल आणि ताटामागून ताट बदलणारा वाढपी असा सारा सरंजाम दिमतीस हजर होतो. अन्न याहून स्वस्त कोठेही मिळेल; किंमत मोजली जाते ती घड्याळाकडे न पाहण्याच्या मुभेची.

ही मुभा कोठून आली, हे भोजनपत्रिकेवर छापलेले नसते. शनिवारी रात्री जागणाऱ्या मंडळींना रविवारी उशिरा उठता यावे म्हणून गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने १८९५ साली या ब्रंचची वकिली केली. त्याच्या पाच वर्षे आधी मुंबईच्या गिरणी कामगारांनी रविवार लढून मिळवला होता. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरत होते. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून रोजी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार ही गोऱ्या साहेबाची देणगी, असे आजही सुशिक्षित माणसे बिनदिक्कत सांगतात! आज लोअर परळच्या कमला आणि फिनिक्स गिरण्यांच्या आवारांत भोजनगृहे थाटली आहेत. त्यांत ताटे उचलणाऱ्याची सुट्टी रविवारी नसते. २०१७ च्या कायद्याने महाराष्ट्रातील दुकाने व भोजनगृहे वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवण्यास मोकळीक दिली; कामगाराला आठवड्यातून एक दिवस मिळतो, पण तो मंगळवारी मिळाला तर त्याची मुले शाळेत असतात.

निदान त्याला मंगळवार तरी आहे. त्याच टेबलाशी कधीमधी येवल्याची पैठणी बसते. ती विणणाऱ्याला वारच नाही. खड्ड्यात पाय सोडून तो मागावर बसतो आणि पदरावरचा मोर एकेका धाग्याने उभा करतो. साध्या पदराच्या पैठणीस काही आठवडे लागतात, भरगच्च पदराच्या पैठणीस काही महिने. मजुरी लुगड्यावर ठरते, दिवसावर नाही. माग थांबला की मजुरी थांबली. घरातली बाई कांड्या भरते, तिचे नाव तर हिशेबात कोठेच नसते.

यावर व्यापाऱ्यांचे ठरलेले उत्तर आहे : विणकर हा स्वतंत्र कारागीर, त्याने हवी तेव्हा सुट्टी घ्यावी, त्याला कोणी अडवले आहे? रेशीम व्यापाऱ्याचे, जर त्याची, नक्षी त्याने ठरवलेली, मजुरी त्यानेच बांधलेली आणि तयार लुगडेही त्याच्याच गादीवर जायचे. एवढे सारे दुसऱ्याच्या हाती देऊन विणकराकडे उरलेले स्वातंत्र्य म्हणजे उपाशी राहण्याचे स्वातंत्र्य होय. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात सात दिवसांतून एक दिवस विश्रांतीची आणि त्या दिवसाच्या मोबदल्याचीही तरतूद होती. २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. ‘कारागीर’ हा गौरवाचा शब्द चिकटवून विणकराला नेमके त्या तरतुदीबाहेर ठेवले जाते. गौरव स्वस्त पडतो.

वास्तविक येवल्याला रविवारचे मोल नव्याने सांगावयास नको. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच गावी भरलेल्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. तो दिवस रविवार होता. दूरदूरच्या खेड्यांतून कष्टकरी माणसे तेथे लोटली होती. ज्याचे सातही दिवस विकले गेले, तो सभेला येणार केव्हा?

काही कार्यकर्ते मात्र हॉटेलातील पंगतींना नाके मुरडण्यातच समाजवाद मानतात. गोडधोड खाणे, गप्पा मारणे, दुपार वाया घालवणे यांत पाप काही नाही. विणकरालाही ते हवेच आहे. आणि त्यागाची प्रवचने त्याच्या घरी पूर्वीपासूनच पुष्कळ पोहोचली आहेत. पोहोचत नाही तो मजुरीचा धड हिशेब. नाशिकच्या सभेत ठराव मांडण्यापूर्वी चार जणांनी येवल्यात एका मागाशेजारी बसावे. ताणा लावल्यापासून लुगडे उतरेपर्यंतचे दिवस वहीत टिपावेत. कांड्या भरणारीचे तास निराळ्या रकान्यात लिहावेत, मधले रविवार निराळ्या. मग ती वही विणकरांच्याच हाती देऊन त्यांच्यासोबत व्यापाऱ्याच्या गादीवर जावे.