साडेचार हजारांचा डबा पुरे आहे

माझ्या टेबलावर एक काळा डबा आहे. पुढे माइकसाठी एक सॉकेट, गिटारसाठी दुसरं, दोन-तीन नॉब, मागे यूएसबीची वायर. याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. मी तो साडेचार हजारांना घेतला आणि पुढची तीन वर्षं कपाटात ठेवला. कारण तो वापरण्याच्या लायकीचा नाही, असं मला सगळ्यांनी पटवून दिलं होतं.

सगळे म्हणजे कोण? यूट्यूबवर दर आठवड्याला नवा डबा उघडून दाखवणारे. ग्रुपवरचे जाणकार. आणि एक ओळखीचा साउंडवाला, जो माझा डबा बघून हसला. "हे खेळणं आहे रे. आधी वीसेक हजार जमव, मग बोलू." मी जमवत बसलो.

त्या तीन वर्षांत मी गावी आत्याला दर दिवाळीत सांगत होतो, "पुढच्या खेपेला तुझ्या ओव्या नीट रेकॉर्ड करू." आमचं गाव साताऱ्याकडचं. आत्याला एके काळी शंभरेक ओव्या यायच्या. गेल्या दिवाळीत शेवटी तोच डबा घेऊन गेलो. तिच्यापुढे जातं ठेवलं, मूठभर गहू घातले. चौदा ओव्या आठवल्या. पंधरावीच्या मध्यात ती थांबली. म्हणाली, "म्होरलं कुटं गेलं की रं."

म्हणून हा राग. 'आधी चांगलं गिअर घे, मग रेकॉर्ड कर' हा सल्ला नाही, ही फसवणूक आहे.

आधी हा डबा करतो काय ते बघू. माइकमधून येणारा क्षीण विद्युत संकेत तो मोठा करतो आणि त्याचे आकडे करून लॅपटॉपला देतो. बस. 16 बिटवर सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे 96 डेसिबल धरता येतं. तेच सीडीचं माप. 24 बिटवर कागदोपत्री 144. आणि आपली खोली? पंखा, फ्रिज, खालची रिक्षा, शेजारचा मिक्सर. तुमच्या रेकॉर्डिंगमधला बहुतेक गोंगाट डब्यातून येत नाही, घरातून येतो. वीस हजारांचा डबा घेतलात तर तोच मिक्सर जास्त स्वच्छ ऐकू येईल.

जरा मागे जा. 1902 साली कलकत्त्याच्या एका हॉटेलात गौहर जान भोंग्यात तोंड घालून गायल्या. विजेवर चालणारं रेकॉर्डिंग यायला अजून वीसहून अधिक वर्षं होती. त्या तबकड्या आपण आजही ऐकतो. ब्रूस स्प्रिंगस्टीननं 'नेब्रास्का' हा 1982चा अल्बम घरात, कॅसेटवर चालणाऱ्या चार ट्रॅकच्या यंत्रावर रेकॉर्ड केला. तुमच्या डब्याइतकं स्वच्छ यंत्र या दोघांच्याही हाताशी नव्हतं.

"मग फोन काय वाईट?" असं विचाराल. काहीच नसेल तर फोनवर करा, आत्ता करा. पण पहिल्या वर्षी मी आत्याची एक ओवी फोनवर घेतली होती. फोन स्वतःच ठरवतो की गोंगाट कुठला. माझ्या फोननं जात्याची घरघर गोंगाट समजून दाबून टाकली. ओवी उरली, जातं गेलं. इंटरफेस असा शहाणपणा करत नाही. नॉब तुमच्या हातात असतो. स्वस्त डब्याची खरी किंमत ही आहे.

दुसरा आक्षेप : महाग डबा खरंच चांगला असतो. असतो. माझ्या डब्याचा गेन शेवटच्या टप्प्यात नेला की सूं आवाज येतो. विंडोजवर ड्रायव्हर कधी कधी रुसतो. अख्खा ड्रमसेट घ्यायचा असेल तर एका माइकच्या सॉकेटवर भागणार नाही. पण एक गळा आणि एक वाद्य? त्याला हा पुरतो. सूं येतेय तर गेन कमी करा आणि माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणा. हा उपाय फुकट आहे, म्हणून त्याचा रिव्ह्यू कुणी करत नाही.

बाकीचे उपायही फुकटच. गाणाऱ्याच्या मागे आणि बाजूला गोधड्या टांगा. पंखा बंद करा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, खराब अर्थिंगची घूं बऱ्याचदा तिथंच संपते. पातळी -12च्या आसपास ठेवा, लाल दिवा लागू देऊ नका. 48 व्होल्टचं बटण फक्त कंडेन्सर माइकसाठी. आवाज कानात उशिरा येत असेल तर डायरेक्ट मॉनिटर चालू करा. हे शिकायला मला एक रविवार लागला. घाबरण्यात तीन वर्षं गेली.

कुणी म्हणेल, ओव्या तर जमा झाल्याच आहेत. खरंय. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सुरू केलेल्या कामातून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. पण माझ्या आजोबांच्या बैलावरची ओवी त्यात कशी असेल? ती आत्याची आहे. ती घ्यायचं काम माझं होतं.

तुमच्या घरात कोण गातं? आईचं एखादं हादग्याचं गाणं, काकांचं भारूड, तुमचं स्वतःचं रॅप. या रविवारी घ्या. अपग्रेड पुढच्या वर्षीही मिळेल, सेलमध्ये मिळेल.

ती पंधरावी ओवी माझ्याकडे आहे. सूं नाही, घूं नाही. जात्याची घरघर, आत्याचा श्वास, अर्धी ओळ, आणि मग ती थांबते. वीस हजारांच्या डब्यानं उरलेली अर्धी आणून दिली नसती.